वाचकांचे प्रश्न : आतामिरा आणि माओरी समकालीन नृत्य

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी लोकांच्या नृत्याबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

रग्बीच्या सामन्याआधी न्यूझीलंडचा संघ पाय आपटत, शब्द गर्जत जो नाच करतो तो ‘हाका’ टीव्हीवर सगळ्यांनीच पाहिलेला असतो. माओरी ‘समकालीन नृत्य’ म्हणजे त्यालाच प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत जोडलेलं असतं का? या क्षेत्रात नाव घ्यावं अशी संस्था कोणती? (नागपूर)

नाही. हाका ज्या परंपरेचा भाग आहे तिला ‘कापा हाका’ म्हणतात. ‘कापा’ म्हणजे रांग. समूहगीत, पोई (दोरीला बांधलेला गोळा फिरवत करायचा नाच), हाका, रंगमंचावर येण्याचं आणि निघून जाण्याचं गीत असे तिचे ठरलेले प्रकार आहेत. 1972पासून तिची राष्ट्रीय स्पर्धा होते. आज ती ‘ते मातातिनी’ या नावाने ओळखली जाते आणि एका संघात जास्तीत जास्त 40 जण असतात. त्या रांगेत उभं राहून शब्द, ताल आणि नजर यांवर एकत्र हुकमत मिळवणं हीच एक मोठी विद्या आहे. ती अपुरी आहे, तिला आधुनिक करायला हवं, असं तिथे कोणी मानत नाही.

समकालीन माओरी नृत्य निराळ्या वाटेने आलं. बॅले आणि आधुनिक नृत्याचं रीतसर शिक्षण घेतलेले माओरी नर्तक दुसऱ्यांच्या रचना नाचत होते. आपल्या वंशाची, आपल्या जमिनीची गोष्ट याच शरीराने कशी सांगायची, हा प्रश्न त्यांना पडला. उत्तर शोधायला सुरुवात झाली 1980च्या दशकात. भाषा आणि जमीन यांसाठीची चळवळ तेव्हा भरात होती. 1975चा जमीन-मोर्चा होऊन गेला होता आणि 1987मध्ये माओरी ही अधिकृत भाषा झाली. तामा हुआता यांनी 1983मध्ये ‘काहुराङी’ ही नृत्यसंस्था उभी केली. स्टीफन ब्रॅडशॉ यांनी 1984मध्ये ‘ते कानिकानी ओ ते राङाताही’ आणि 1988मध्ये ‘ताइआओ’ सुरू केली. ‘राङाताही’ म्हणजे तरुण मंडळी.

आपण विचारलेलं नाव म्हणजे ‘आतामिरा डान्स कंपनी’, स्थापना 2000, ऑकलंड. जॅक ग्रे, डोलिना वेहिपेइहाना, लुईस पोतिकी ब्रायंट, जस्टीन होहाइआ ही सुरुवातीची मंडळी. ‘आतामिरा’ म्हणजे मंच, चौथरा. मृताला अखेरच्या दर्शनासाठी ज्या चौथऱ्यावर ठेवत, त्यालाही हाच शब्द आहे. संस्थेच्या रचनांमध्ये पूर्वज इतके का येतात, त्याचा धागा या नावातच सापडतो. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही संस्था एका नृत्यरचनाकाराची नाही. अनेक रचनाकारांनी मिळून ती उभारली, म्हणून तिच्या रंगमंचावर वेगवेगळ्या जमातींच्या, वेगवेगळ्या खोऱ्यांच्या कथा आल्या.

मी नृत्याचा विद्यार्थी आहे. आतामिराच्या प्रयोगांचा इतिहास अभ्यासायचा आहे, पण नावांची यादी वाचून काही हाती लागत नाही. कोणत्या क्रमाने अभ्यास करावा? (पुणे)

वर्षांच्या क्रमाने करू नका. प्रत्येक रचना कोणत्या जमिनीतून आणि कोणत्या माणसातून निघाली, तिथून सुरुवात करा. माओरी विचारात ‘फाकापापा’ हा कळीचा शब्द आहे. त्याचा अर्थ वंशावळ, पण शब्दशः थरावर थर रचत जाणं. आणि ‘फेनुआ’ म्हणजे जमीन, तसंच गर्भाची वारही. बाळाची वार जमिनीत पुरण्याची रीत आहे, त्यामुळे या दोन अर्थांमध्ये अंतर उरतच नाही. एवढं मनात धरलं की यादी बोलू लागते.

पहिली घ्या ‘ङाई ताहू 32’ (2004, रचना लुईस पोतिकी ब्रायंट). दक्षिण बेटावरची मोठी जमात ङाई ताहू. 1848मध्ये तिच्याकडून बेटाचा प्रचंड मोठा पट्टा ब्रिटिश सरकारने अवघ्या 2,000 पौंडांना घेतला. राखीव जमिनी, शाळा, दवाखाने यांची वचनं पाळली गेली नाहीत. जमातीने लढा दिला आणि 1998मध्ये तडजोड झाली : सरकारची जाहीर माफी आणि 17 कोटी न्यूझीलंड डॉलर. हक्क कोणाचा हे ठरवण्यासाठी 1848मध्ये हयात असलेल्या वडीलधाऱ्यांची एक नोंदवही तयार झाली होती आणि तिच्यात प्रत्येकाला एक क्रमांक होता. 32वा क्रमांक विरेमू पोतिकी यांचा. ते रचनाकार लुईस यांचे पूर्वज. शीर्षकातला आकडा असा सरकारी वहीतून आलेला आहे. माणसाचा क्रमांक होतो, आणि दीडशे वर्षांनी त्याची वंशज त्या क्रमांकाचा पुन्हा माणूस करते. आमच्या मते संस्थेचा सगळा इतिहास समजून घ्यायला ही एक रचना पुरेशी आहे.

मग ‘ते होउही’ (2011, माका पेपेने). उत्तर बेटावर राङिताइकी नदीच्या खोऱ्यात ङाती हाका पातुहेउहेउ या लोकांचं हे गाव. एकोणिसाव्या शतकात त्यांची जमीन फसवणुकीच्या व्यवहारात गेली आणि 1907मध्ये लोकांना तिथून हुसकावलं गेलं. त्यांनी आपलं सभागृह सुटं करून वाइओहाउला नेलं. माओरी सभागृह म्हणजे पूर्वजाचं शरीर असतं. आढं हा कणा, वासे या बरगड्या, दर्शनी बाजूच्या उतरत्या फळ्या हे पसरलेले हात. ते सुटं करणं म्हणजे काय, हे याशिवाय कळणार नाही. नर्तकांची शरीरं जोडली जातात, सुटतात, पुन्हा उभी राहतात तेव्हा हा संदर्भ नसेल तर तुम्हाला फक्त सुरेख आकृतिबंध दिसतील. परदेशी समीक्षेत बऱ्याचदा हीच गफलत होते. ‘पौराणिक’, ‘आदिम’ अशी विशेषणं लावली जातात आणि जमिनीचा खटला नजरेआड होतो.

तिसरी ‘मितिमिति’ (2015, जॅक ग्रे). होकिआङा बंदराच्या उत्तरेला किनाऱ्यावरचं हे छोटं गाव रचनाकाराच्या पूर्वजांचं आहे. शहरात वाढलेला माओरी आपल्या मूळ गावाशी नातं कसं जोडतो, हा तिचा विषय.

या तिन्हींनंतर शरीरावरच्या खुणांकडे वळा : मॉस पॅटरसन यांच्या ‘फाकाइरो’ (2007, अर्थ कोरीवकाम) आणि ‘मोको’ (2014, अर्थ गोंदण). पॅटरसन यांनी पुढे बरीच वर्षं संस्थेचं कलादिग्दर्शन केलं, त्यांच्यानंतर ते जॅक ग्रे यांच्याकडे आलं. माका पेपेने यांची आणखी एक रचना आजोबांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या डायरीवर आहे. ‘ओनेपू’ (2018, अर्थ वाळू) ही पुन्हा लुईस यांची, फक्त स्त्री-नर्तकांची. लुईस स्वतः चित्रफीतही करतात, त्यामुळे त्यांच्या रचनेत पडद्यावरचं दृश्य मागची सजावट म्हणून येत नाही, ते एखाद्या पात्रासारखं वावरतं. संगीतात पॅडी फ्री यांचा इलेक्ट्रॉनिक नाद आणि पारंपरिक वाद्यांचा सूर एकत्र येतात. वीस वर्षांच्या टप्प्यावरची ‘ते फेके’ शेवटी पाहा. ‘फेके’ म्हणजे अष्टपाद, आणि ती संस्थेच्या अनेक रचनाकारांच्या हातची आहे.

टिपण करताना प्रत्येक रचनेपुढे चार गोष्टी लिहा : जमात, जागा, रचनाकाराचं त्या जागेशी नातं, आणि गोष्ट सांगण्याची परवानगी कोणाकडून आली. चौथा रकाना गाळू नका. गोष्ट ज्यांची आहे त्यांच्या वडीलधाऱ्यांशी बोलल्याशिवाय ती रंगमंचावर आणणं तिथे गैर मानतात. त्यामुळे नृत्याची तालीम सुरू होण्याआधीच कामाचा मोठा भाग गावात बसून, ऐकून झालेला असतो.

ही नावं वाचायची कशी? इंग्रजी स्पेलिंगवरून ‘व्हाकापापा’, ‘न्गाई ताहू’ असं काहीतरी होतं. (कोल्हापूर)

देवनागरी इथे मदतीला येते. ‘डब्ल्यू-एच’ ही अक्षरजोडी बहुतेक ठिकाणी ‘फ’ अशी उच्चारतात, म्हणून फाकापापा, फेनुआ, फारे (घर). हा ‘फ’ ‘फाइल’मधल्यासारखा, ओठ-दातांचा. ‘एन-जी’ ही जोडी म्हणजे आपला ‘ङ’. ‘वाङ्मय’ म्हणताना जीभ जिथे जाते, तोच उच्चार शब्दाच्या सुरुवातीला आणायचा. मराठीत तो सुरुवातीला येत नाही, म्हणून अडखळायला होतं. ‘अङाई’ असं हळू म्हणून पुढचा ‘अ’ गाळला की जमतं. दक्षिणेकडच्या बोलीत ‘ङ’च्या जागी ‘क’ येतो. म्हणून ङाई ताहूचे लोक स्वतःला ‘काई ताहू’ही म्हणतात. दोन्ही बरोबर. स्वरावरची आडवी रेघ म्हणजे दीर्घ स्वर. ती सोडली तर अर्थ बदलू शकतो, म्हणून लिहितानाही ठेवावी.

हाका पुरुषांचाच असतो ना? मग स्त्री-नर्तकांचं स्थान काय? (सांगली)

स्त्रियाही हाका करतात. डोळे विस्फारून पाहणं, ज्याला ‘पूकाना’ म्हणतात, तेही दोघं करतात. जीभ बाहेर काढणं मात्र पुरुषांचं. स्वागताच्या वेळी पहिला आवाज स्त्रीचा असतो. ती ‘काराङा’ म्हणजे साद घालते, तेव्हाच पाहुणे आत येतात.

रंगमंचावर याचं उत्तम उदाहरण दुसऱ्या एका संस्थेचं आहे. ताने मेते आणि ताइआरोआ रॉयल यांनी 2007मध्ये ‘ओकारेका’ स्थापन केली. त्यांनी मालिया जॉन्स्टन यांच्यासह 2014मध्ये ‘माना वाहिने’ ही पाच स्त्री-नर्तकांची रचना केली. तिच्यामागची घटना 1823ची. ङापुही जमातीचा सरदार होङी हिका बंदुका घेऊन रोटोरुआच्या सरोवरातल्या मोकोइया बेटावर चालून आला. ते आओकापुराङी ही तिथलीच स्त्री, पण आधीच्या लढाईत ङापुहींच्या हाती लागलेली आणि त्यांच्याच एका सरदाराची बायको झालेली. तिने आपल्या लोकांसाठी अभय मागितलं. होङीने अट घातली, तुझ्या मांड्यांखालून जातील तेवढेच वाचतील. ती धावत गेली, सभागृहाच्या छपरावर चढून दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली आणि लोकांना आत बोलावू लागली. जो दारातून आत गेला, तो तिच्या मांड्यांखालूनच गेला. घर खचाखच भरलं. गर्दीच्या जागेला आजही ‘ते आओकापुराङीच्या घरासारखं’ म्हणतात.

आता जगप्रसिद्ध ‘का माते’ हाक्याची गोष्ट तिच्याशेजारी ठेवा. साधारण 1820च्या सुमारास ते राउपाराहा हा सरदार पाठलाग चुकवत रताळ्यांच्या खड्ड्यात लपला. खड्ड्याच्या तोंडावर एक स्त्री बसली होती आणि तिच्या शक्तीपुढे शत्रूच्या मांत्रिकाचे मंत्र चालले नाहीत. तो बाहेर आला, उजेडात उभा राहिला, आणि ‘मरण की जीवन’ असे शब्द त्याच्या तोंडून निघाले. पुरुषी आवेशाचं प्रतीक म्हणून जगभर मिरवल्या जाणाऱ्या हाक्याच्या मुळाशीही राखणारी स्त्री आहे. ‘माना वाहिने’ बघताना हे आठवलं तर ती रचना अपवाद वाटत नाही.

मी कथ्थक करते. माओरी हालचालींचा अभ्यास करताना पायाचं काम ओळखीचं वाटलं, पण करून पाहिलं की नडगी दुखते. काय चुकत असावं? (ठाणे)

ततकाराची सवय आड येते आहे. कथ्थकमध्ये कणा उभा, गुडघे जवळजवळ सरळ आणि तळव्यातून स्वच्छ बोल काढायचा. माओरी ‘ताकाही’मध्ये, म्हणजे पाय आपटण्यात, पायाचा आवाज दुय्यम आहे. सगळ्या रांगेचा ठोका जमिनीतून एक होणं महत्त्वाचं. त्यासाठी पाय खांद्यांइतके फाकवा, गुडघे सैल वाकवा, वजन कमरेखाली सोडा. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे. आत कलला तर आतल्या बाजूला दुखणारच. पाऊल चार-पाच बोटंच उचला आणि खाली टेकताना गुडघा अजिबात ताठ करू नका. ताठ गुडघ्याने आपटलेल्या पायाचा धक्का नडगीत जातो. दुसरं कारण जमीन. फरशीखाली काँक्रीट असेल तर रोज दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त करू नका. लाकडी, थोडी दबणारी जमीन मिळाली तर उत्तम. काँक्रीटवर नुसती व्हिनाइल चटई घातल्याने घसरणं थांबतं, धक्का कमी होत नाही. दोन आठवडे विश्रांती घेऊनही एका ठरावीक बिंदूवर दुखत राहिलं तर हाडाचा डॉक्टर गाठा.

हातांकडेही लक्ष द्या. हाताची जी अखंड थरथर दिसते तिला ‘विरि’ म्हणतात. माओरी कथेत सूर्य आणि हिनेराउमाती म्हणजे ग्रीष्मकन्या यांचा मुलगा तानेरोरे, तो आईसाठी नाचतो, आणि उन्हात तापलेल्या जमिनीवर हवा थरथरताना दिसते ते त्याचं नृत्य. विरि म्हणजे ती हवा. भर वैशाखात डांबरी रस्त्यावर जे दिसतं, तेच डोळ्यांपुढे ठेवा. नवखे लोक फक्त बोटं हलवतात किंवा खांदा आवळतात. थरथर मनगटापासून तळहातात यायला हवी, बोटं मिटलेली पण ताणलेली नकोत, कोपर हलकं. खांदा आवळला की अर्ध्या मिनिटात हात थकतो. तसं झालं तर थांबा, हात झटका, पुन्हा सुरू करा.

आणि श्वास. आधुनिक नृत्याचं शिक्षण घेतलेल्यांची अडचण बहुधा इथे असते. त्यांना नाचताना गप्प राहायची सवय असते, आणि इथे हालचाल शब्दातून निघते. तोंडाने शब्द म्हणत हालचाल शिका. नुसती हालचाल बसवून नंतर शब्द चिकटवले तर दोन्ही लंगडे पडतात.

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांकडून ‘का माते’ आणि मुलींकडून पोई करून घ्यायचा विचार आहे. चालेल का? पोई कशी बनवायची? (रत्नागिरी)

‘का माते’बाबत न्यूझीलंडमध्ये 2014चा कायदा आहे. व्यावसायिक प्रकाशन, प्रसारण किंवा चित्रपटात तो वापरला, तर ते राउपाराहा हे त्याचे रचनाकार आणि ङाती तोआ राङातिरा जमातीचे सरदार होते, हा उल्लेख करावा लागतो. शैक्षणिक वापराला सूट आहे आणि हा कायदा त्या देशापुरता आहे. तरी निवेदनात हा उल्लेख करा, अर्थ सांगा. तोंडाला काळे पट्टे ओढून गोंदणाची नक्कल करू नका. मोको ही त्या-त्या व्यक्तीची वंशावळ असते, वेशभूषा नव्हे. गवताचे घागरेही नकोत. साधे काळे कपडे पुरेत. आम्हाला विचाराल तर हाका वगळून फक्त पोई करा. महिनाभराच्या तालमीत हाक्याचा अर्थ मुलांच्या अंगात उतरत नाही आणि आरडाओरडा तेवढा उरतो.

सरावाची पोई घरी होते. उशीत भरायच्या कृत्रिम कापसाचा किंवा फोमचा 8 ते 9 सेंटिमीटर व्यासाचा गोळा करा. साधा कापूस घेऊ नका, तो घाम आणि दमट हवा शोषून जड होतो. दोरीसाठी जाडसर लोकरीची चारपदरी वेणी घाला. एका टोकाला मोठी गाठ मारून ते टोक गोळ्याच्या मधोमध खुपसा. वरून साधारण 40 सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा कागद गुंडाळून मानेशी दोऱ्याने घट्ट बांधा. आखूड पोईची दोरी वीतभर, लांब पोईची बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत. मोकळ्या टोकाला गाठ मारा, ती चिमटीत धरायची. लोकर ताणली जाते, म्हणून पहिल्या आठवड्यानंतर लांबी पुन्हा मोजा. वजनासाठी आत वाळू किंवा खडे घालू नका, पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी डोळ्याला लागेल.

मुलींनी आखूड पोईनेच सुरुवात करावी. दोघींमध्ये पसरलेला हात अधिक दोरी एवढं अंतर हवं, नाहीतर दोऱ्या गुंततात. पोई फिरते ती मनगटाने. संपूर्ण हात फिरवला की ताल मागे पडतो.

जून-जुलैत मुलीकडे ऑकलंडला जात आहोत. असा प्रयोग बघायला मिळेल का? तिथे काही रीत पाळावी लागते का? (डोंबिवली)

योग्य वेळी जात आहात. पहाटे पूर्वेला कृत्तिका पुन्हा दिसू लागल्या की माओरी नववर्ष येतं. त्या नक्षत्राला तिथे ‘मातारिकी’ म्हणतात. 2022पासून त्याची सार्वजनिक सुट्टी असते. 2026मध्ये ती 10 जुलैला आहे, 2027मध्ये 25 जूनला. या काळात माओरी नृत्य-नाट्याचे कार्यक्रम भरपूर असतात. ऑकलंडमध्ये क्वीन स्ट्रीटवरचं क्यू थिएटर आणि जवळचं आओतेआ सेंटर यांचे कार्यक्रम आधी पाहून ठेवा. वेलिंग्टनला जाणं होणार असेल तर ‘किआ माउ’ महोत्सव कधी आहे तेही बघा, तो जूनच्या आसपास असतो. थंडीचे दिवस, ऑकलंडमध्ये रात्री 8 ते 10 अंशांपर्यंत पारा उतरतो आणि पाऊस असतो. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं.

नाट्यगृहात वेगळं काही करावं लागत नाही. कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षकांतून कोणी उभं राहून गाणं किंवा हाका सुरू केला तर तो कलाकारांचा मान असतो. तेव्हा बाहेर पडू नका, शांत उभे राहा, मोबाइल खिशात ठेवा. प्रयोग किंवा कार्यक्रम ‘माराए’वर, म्हणजे सभागृहाच्या आवारात असेल तर फाटकाशी थांबा. काराङा ऐकू आल्यावरच सावकाश पुढे जा, स्त्रिया पुढे. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या वक्त्यांच्या, तिथे बसू नका. भाषणांनंतर यजमानांशी नाकाला नाक टेकवायचं, त्याला ‘होङी’ म्हणतात. हलकेच टेकवा, घाई नको. सभागृहात जाताना चपला बाहेर काढायच्या, हे आपल्याला सांगायला नको. पण टेबलावर किंवा उशीवर बसणं टाळायचं, हे मात्र लक्षात ठेवा : एक जागा अन्नाची, दुसरी डोक्याची, आणि डोकं तिथे पवित्र मानतात. शेवटी जेवणाला थांबाच. अन्नाने विधीचा सोवळेपणा उतरतो, त्यामुळे न जेवता निघणं म्हणजे विधी अर्धवट सोडणं. शाकाहारी असाल तर मुलीला आधीच कळवायला सांगा.